काइट मॅन: पतंगावरचा चोर १९६० पासून आजवर कसा बदलत गेला

गोदाकाठ (परभणी), धागा सुरू

बॅटमॅनच्या खलनायकांची चर्चा नेहमी जोकर, टू-फेस आणि बेन यांच्यापाशीच थांबते. हा धागा मुद्दाम शेवटच्या रांगेतल्या माणसावर काढला आहे. काइट मॅन. पाठीला भलामोठा पतंग बांधायचा, उंच इमारतीवरून झेप घ्यायची, चोरी करायची आणि बॅटमॅनच्या हाती सापडायचं, एवढंच त्याचं काम. तरी हे पात्र साठ वर्षांच्या वर टिकलं. २०१७ साली त्याच्यावर लिहिलेले दोन अंक हे त्या काळातल्या बॅटमॅनचं सर्वांत चांगलं लेखन आहे, असं माझं ठाम मत आहे.

माझं म्हणणं असं की काइट मॅनची ताकद इतक्या वर्षांत काडीचीही वाढलेली नाही. तो पतंग का उडवतो, याचं उत्तर तेवढं बदललं. बाकी खलनायकांना मोठं करताना लेखक त्यांना जास्त घातक करतात. इथं तसं झालेलं नाही, म्हणून हा माणूस वेगळा काढून बघण्यासारखा आहे.

पहिलं दर्शन 'बॅटमॅन' अंक १३३, ऑगस्ट १९६०. लेखक बिल फिंगर, चित्रकार डिक स्प्रँग. (अमेरिकन कॉमिक्सवर छापलेला महिना प्रत्यक्ष विक्रीच्या पुढचा असतो, त्यामुळे जुन्या अंकांच्या तारखांत दोनेक महिन्यांचा फरक दिसला तर गोंधळू नका.) फिंगर म्हणजे बॅटमॅन घडवणारा दुसरा माणूस. त्याचं नाव अधिकृतपणे जोडलं जायला २०१५ उजाडलं, हे इथं सांगितलंच पाहिजे. या पहिल्या गोष्टीत काइट मॅनला घर नाही, भूतकाळ नाही, कारण नाही. पतंगाच्या नाना करामती तेवढ्या आहेत.

त्यानंतर तो ठळकपणे परत येतो ते 'बॅटमॅन' अंक ३१५मध्ये, सप्टेंबर १९७९. लेखक लेन वीन, चित्रं अर्व्ह नोविकची. पात्राला चार्ल्स ब्राउन हे नाव मिळालं ते 'पीनट्स' या चित्रपट्टीतल्या चार्ली ब्राउनवरून, ज्याचा पतंग कधीच धड उडत नाही. हे नाव पुढं फार कामाला आलं. १९८०च्या दशकात तो हॉकमॅनशी भिडला. पंखवाल्या नायकासमोर पतंगवाला चोर, तेव्हा निकाल ठरलेलाच. मग '५२' या साप्ताहिक मालिकेत (मे २००६ ते मे २००७) ब्रुनो मॅनहाइम या गुंडांच्या म्होरक्यानं त्याला संपवलं. या मधल्या सगळ्या काळावर फार बोलण्यासारखं काही नाही. लेखकांना चार फुटकळ खलनायक एकदम दाखवायचे असले की हा यादीत असायचा.

खरा बदल टॉम किंगच्या 'बॅटमॅन'मध्ये झाला. ती मालिका २०१६ला सुरू झाली, आणि किंग तिच्या ८५व्या अंकापर्यंत लिहीत होता. त्यावर सविस्तर पुढं लिहितो. आधी तुम्ही बोला.

जुना_वेताळ (नांदेड)

१९६०च्या काइट मॅनला भूतकाळ नव्हता हे बरोबर, पण तो का नव्हता हेही सांगायला पाहिजे. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की तेव्हाच्या लेखकांना लिहिता येत नव्हतं.

१९५४मध्ये अमेरिकेत कॉमिक्स कोड आला. प्रकाशकांनी आपल्याआपल्यात घालून घेतलेली आचारसंहिता. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल अशा रीतीनं गुन्हा दाखवायचा नाही, असं त्यात स्पष्ट कलम होतं. शेवटी चांगल्याचाच विजय झाला पाहिजे, हेही होतं. रक्त, क्रौर्य यांवरही बंधनं होती. आता बिल फिंगरच्या जागी बसून बघा. खलनायकाला दुःख देता येत नाही, त्याला भीषण करता येत नाही, जिंकू देता येत नाही. मग हातात उरतं काय? अवजार. म्हणून त्या काळात कॅलेंडर मॅन (१९५८), मिस्टर झीरो (१९५९), काइट मॅन (१९६०), पोलका-डॉट मॅन (१९६२) अशी एकेका वस्तूला चिकटलेली माणसं ओळीनं येतात.

१९७१ला कोड सैल झाला आणि गुन्हेगाराची बाजू काही प्रमाणात सहानुभूतीनं दाखवता येऊ लागली. बॅटमॅनची प्रकाशक कंपनी डीसीनं कोडचा मुखपृष्ठावरचा शिक्का पूर्ण सोडला तो जानेवारी २०११मध्ये. ब्राउनच्या लहान मुलाच्या मरणाची जी गोष्ट २०१७ला आली, ती १९६०ला सुचली असती तरी त्या शिक्क्याखाली छापून आली नसती.

आपल्याकडं १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स मराठीत मिळायचं, त्यातला वेताळ वाचत मोठी झालेली पिढी अजून इथं आहे. त्यात बहुतेक गोष्टी अंकागणिक संपायच्या, खलनायकही तिथंच संपायचे. दहा वर्षांनी तोच फुटकळ चोर परत येतो आणि वाचकाला तो आठवतो, ही चैन सलग चालणाऱ्या मालिकेलाच परवडते.

पान_नंबर_सात (छ. संभाजीनगर)

धागा उत्तम, पण 'वेगळा' हा शब्द मला पटत नाही. फुटकळ खलनायकाला एक दुःख चिकटवायचं हा डीसीचा जुना मार्ग आहे.

मिस्टर झीरो घ्या. 'बॅटमॅन' १२१, फेब्रुवारी १९५९. थंडीच्या बंदुकीचा चोर, बस्स. १९६६च्या टीव्ही मालिकेत त्याचं मिस्टर फ्रीझ झालं आणि कॉमिक्सनंही ते नाव उचललं. सप्टेंबर १९९२ला बॅटमॅनच्या अॅनिमेटेड मालिकेत पॉल डिनीनं लिहिलेला 'हार्ट ऑफ आइस' हा भाग आला आणि त्याला आजारी, गोठवून ठेवलेली बायको मिळाली. नोरा. त्या एका भागानं पात्र जन्माचं बदललं.

डेडशॉट घ्या. 'बॅटमॅन' ५९, १९५०. उंच टोपी आणि मेजवानीचा सूट घातलेला नेमबाज. डिसेंबर १९७७मध्ये 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' ४७४त लेखक एंगलहार्ट आणि चित्रकार मार्शल रॉजर्सनी त्याला नवा पोशाख, मनगटावरच्या बंदुका आणि एका डोळ्यावरची दुर्बीण दिली. १९८७ पासून लेखक ऑस्ट्रँडरच्या 'सुइसाइड स्क्वॉड'मध्ये त्याला मरणाची ओढ दिली, आणि १९८८च्या चार अंकी मालिकेत त्याच्या मुलाचं अपहरण आणि मृत्यू आला. म्हणजे मेलेला मुलगासुद्धा काइट मॅनच्या आधी येऊन गेलाय.

मग किंगनं नवीन काय केलं?

गोदाकाठ

प्रश्न नेमका आहे. फ्रीझ आणि डेडशॉटच्या बाबतीत दुःख आलं तेव्हा हास्यास्पद भाग काढून टाकला. टोपी गेली, नाव बदललं, पोशाख नव्यानं बेतला. दुःखाबरोबर रुबाबही आला. किंगनं काइट मॅनचं काहीच काढलं नाही. पतंग तोच, हिरवा-पिवळा पोशाख तसाच, पराभवही तसेच.

त्यानं हे कोणत्या क्रमानं केलं ते बघा, कारण सगळी करामत क्रमातच आहे. अंक ६मध्ये गॉथम गर्ल ही बॅटमॅनच्या गॉथम शहरातली नवी नायिका चिल्लर गुन्हेगारांना बडवत सुटते. कर्नल ब्लिम्प, कॅप्टन स्टिंगरी आणि हा. तो आपलं नाव सांगतो, पुढं 'हेल येह' म्हणतो आणि आपटतो. अंक १४-१५मध्ये बॅटमॅन आणि कॅटवुमन एका रात्रीत अशांची रांग लावतात, त्यातही हा आहेच. वाचक दरवेळी हसतो. आरोळी पाठ होते. तोवर त्याच्याबद्दल एक अक्षर सांगितलेलं नाही.

मग 'द वॉर ऑफ जोक्स अँड रिडल्स', अंक २५ ते ३२, २०१७. काळ बॅटमॅनच्या कारकिर्दीच्या सुरुवातीचा. जोकर आणि रिडलर यांच्या टोळ्या शहर वाटून घेऊन लढतायत. यात २७ आणि ३० हे दोन अंक मूळ कथेला बाजूला ठेवून फक्त चार्ल्स ब्राउनवर आहेत. मुख्य कथेची चित्रं मिकेल हानीनची, या दोन अंकांची क्ले मॅनची. चित्रकार बदलला की पानाची हवाच बदलते. हानीनच्या मोठ्या, स्वच्छ चौकटींनंतर मॅनचे चेहरे एकदम जवळ येतात. ब्राउनचं ओघळलेलं तोंड, दाढीचे खुंट, घाम.

ब्राउन घटस्फोटित आहे आणि जोकरसाठी त्याची गाडी बेतून देणारा कारागीर आहे. दोन टोळ्या आणि बॅटमॅन, तिघंही त्याला माहितीसाठी पिळतात. त्याचा लहान मुलगा चार्ली आहे, त्याला तो पतंग उडवायला शिकवतो. रिडलर त्या पतंगाच्या दोऱ्याला विष लावतो आणि पोरगा जातो. ती आरोळी बाप-लेकांची होती, हे वाचकाला इथं कळतं. अंक ६ पासून आपण ज्याला हसत होतो ते काय होतं, हे मागे जाऊन बघावं लागतं.

आणि त्यानंतरही तो हरतच राहतो. अंक ३०मध्ये पतंग बांधून लढाईत उतरतो, मार खातो, पकडला जातो, परत येतो. दु:खानं त्याला ताकद दिली नाही. मला तरी हे डेडशॉटपेक्षा जास्त खरं वाटतं.

पान_नंबर_सात

क्रमाचा मुद्दा मान्य. आधी हसवून मग कारण सांगितलं, हे फ्रीझच्या बाबतीत असं मुद्दाम योजलेलं नव्हतं. तिथं हसणारे लेखक वेगळे आणि कारण देणारा वेगळा होता, मध्ये तेहतीस वर्षं गेली. इथं दोन्ही एकाच माणसानं एका वर्षात केलं.

दोऱ्याच्या तपशिलाबद्दल एक सांगतो. अमेरिकेत मुलं उडवतात तो दोरा साधा, काच न लावलेला. आपल्याकडचा वाचक 'दोऱ्याला विष' वाचताना आपोआप मांजा धरतो, कापलेलं बोट धरतो, आणि ती घटना त्याला लगेच पटते. संक्रांतीला इथल्या गच्च्यांवर बोटांना चिकटपट्टी गुंडाळूनच चक्री धरतात. त्यामुळं मराठवाड्यातल्या वाचकाला हा अंक जरा जास्तच लागतो, असं वाटायलंय.

लातूरची_ताई (लातूर)

छान माहिती मिळायलीय. दोन प्रश्न आहेत. एक, शाळेच्या स्नेहसंमेलनात पाचवीतल्या मुलाला काइट मॅन करायचं असेल तर पाठीवरचा पतंग कसा करावा? कागदाचा टिकणार नाही. दोन, या पात्राचं मुलांनी बघण्यासारखं काय आहे?

वारा_आणि_वजन (जालना)

ताई, पतंगाचं मी सांगतो.

साधारण १३५ सेंटिमीटर उंचीच्या मुलासाठी उभी काडी ९० सेंटिमीटर आणि आडवी १२० सेंटिमीटर पुरे. बुरुडाकडून वेळूच्या कामट्या आणा, १ सेंटिमीटर रुंद आणि अर्धा सेंटिमीटर जाड. हिरव्या नकोत, वाळलेल्या घ्या. हिरवी कामटी वाळताना पिळते आणि पतंग एका अंगाला झुकतो. आडवी कामटी वाकवताना सालीची बाजू बाहेर ठेवा. साल ताण सोसते, उलट वाकवली तर आतला गाभा तंतू सोडतो.

दोन्ही काड्या वरून २५ सेंटिमीटरवर एकमेकींवर ठेवून सुती दोऱ्यानं फुलीसारख्या आठ-दहा वेढ्यांनी बांधा, वर फेविकॉल लावा, रात्रभर वाळू द्या. सांधा बसावा म्हणून काडीला खाच पाडायचा मोह होतो, तो टाळा. खाच पाडली तिथंच काडी मोडते. मग आडव्या काडीच्या दोन टोकांना मागच्या बाजूनं दोरी ताणून ७-८ सेंटिमीटरची कमान द्या. कमान नसेल तर कापड लुळं दिसतं.

कापड अस्तराचं, पिवळं, ११२ सेंटिमीटर पन्ह्याचं दीड मीटर. चारी कडांना २ सेंटिमीटरची दुमड शिवून त्यातून दोरी ओवा आणि ती काड्यांच्या टोकांना बांधा. कापड थेट काडीला चिकटवू नका, डाग पडतो आणि सुरकुत्या धरतात. पाठीला लावायला जुन्या दप्तराचे दोन पट्टे घ्या आणि ते उभ्या काडीला वर-खाली दोन ठिकाणी बांधा. एकाच ठिकाणी बांधलेत तर पोरगं वळलं की पतंग चक्रासारखा फिरतो. सगळं मिळून वजन अर्ध्या किलोच्या आत राहतं. चारी टोकांवर कापडाचे गोळे घट्ट बांधा, नाहीतर शेजारच्या पोराच्या डोळ्याला धोका आहे.

रंगमंचावर उडी मारायची नाही, हे मुलाला आधीच बजावा. हा पतंग कोणालाही उचलत नाही. आणि शोभेला म्हणूनसुद्धा नायलॉन मांजा लावू नका. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली आहे, आणि गर्दीच्या पॅसेजमध्ये तो गळ्याला अडकला तर कापतोच.

लातूरची_ताई

धन्यवाद दादा. आमच्याकडं स्टेजवर यायचं दार जेमतेम अडीच फुटी आहे. १२० सेंटिमीटरची काडी अडकेल ना?

वारा_आणि_वजन

अडकेल. अडीच फूट म्हणजे साधारण ७६ सेंटिमीटर. मुलानं आडवं होऊन यायचं ठरवलं तरी ऐनवेळी घाईत काडी चौकटीला लागते. त्यापेक्षा आडवी काडी कायमची बांधू नका. मध्यभागी दोरीच्या घट्ट कड्यात फिरती ठेवा. आत येताना उभ्या काडीला समांतर, मंचावर आल्यावर फिरवून आडवी, आणि कड्याशेजारी एक खिळा किंवा खुंटी अडकवून पक्की. कापड मात्र जरा सैल शिवावं लागेल. दोन-तीनदा सराव करून घ्या, पहिल्या खेपेला खुंटी हमखास सापडत नाही.

नांदेड_एक्सप्रेस (हिंगोली)

वारा भाऊ, मग खऱ्या काइट मॅनला उडायला किती मोठा पतंग लागेल? गोष्टीत दाखवतात तेवढ्यावर माणूस उचलला जातो का?

वारा_आणि_वजन

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोरीनं बांधलेला पतंग वाऱ्याच्या विरुद्ध दोरीच्या ताणामुळं उभा राहतो. दोरी तुटली की तो पतंग राहत नाही, गोते खात खाली येतो. काइट मॅन इमारतीवरून सुटतो तेव्हा त्याला दोरी नसते. म्हणजे तो ग्लायडर चालवतो. उंची खर्च करून वेग मिळवायचा आणि त्या वेगावर तरंगायचं.

हिशोब सरळ आहे. उचल ही हवेची घनता, पंखाचं क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग यांच्या प्रमाणात असते. माणूस ७० किलो, साहित्य ३० किलो, एकूण १००. पंख १५ चौरस मीटरचा धरला आणि उचलीचा गुणांक १ धरला, तर तरंगायला साधारण ३८ किलोमीटर ताशी वेग लागतो. धावत उतारावरून आणि समोरच्या वाऱ्यात तो मिळतो. आता चित्रांत दिसतो तसा ४ चौरस मीटरचा पतंग घ्या. वेग लागतो ताशी ७३ किलोमीटर. त्या वेगानं पायावर उतरणं म्हणजे दोन्ही पाय मोडून घेणं. किमान वेगासाठी पंख मोठा लागतो, आणि मोठा पंख गल्लीत वळत नाही. गॉथमच्या इमारतींमधून वळणं घेत चोरी करणं तिथंच अशक्य ठरतं.

आपल्याकडचा उन्हाळा याला आणखी मारतो. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. मे महिन्यात ४० अंशांवर तिथली हवा इतकी पातळ होते की वरच्या ३८चे ४० होतात. आकडा लहान दिसतो, पण उतरताना तोच नडतो. उतरायच्या क्षणी नाक वर करून वेग मारायचा असतो. लवकर केलं तर पंख उचल सोडतो आणि माणूस पाठीवर आपटतो. उशिरा केलं तर तोंडावर.

देवगिरी किल्ल्याच्या डोंगराची उंची पायथ्यापासून सुमारे २०० मीटर धरा. सुरुवातीचे त्रिकोणी पंख १ मीटर उंचीत ४ मीटर पुढं जायचे, म्हणजे शांत हवेत ८०० मीटर. आजचे चांगले पंख १५ मीटर जातात, म्हणजे ३ किलोमीटर. हा कागदावरचा हिशोब आहे. किल्ल्याच्या कड्याला वारा आपटून मागं भोवरे पडतात, तिथं पंख घेऊन उभं राहणंही जिवावरचं.

एक गोष्ट मात्र फिंगरच्या बाजूनं. फ्रान्सिस आणि गर्ट्रूड रोगॅलो या दांपत्याला लवचीक पंखाचं पेटंट १९५१ला मिळालं होतं, पण त्यावर लटकून उडण्याचा खेळ जगभर पसरला तो १९७०च्या दशकात. १९६०ला पतंगावर लटकलेला चोर दाखवणं ही तेव्हा बरीच पुढची कल्पना होती.

पान_नंबर_सात

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं राहिलं. मुलांसाठी 'बॅटमॅन: द ब्रेव्ह अँड द बोल्ड' (२००८ ते २०११) बिनधास्त दाखवा. तिथं प्लॅस्टिक मॅन आधी काइट मॅनचा साथीदार असतो, म्हणजे एका नायकाच्या जन्मकथेत याला जागा मिळाली. २०१७च्या 'लेगो बॅटमॅन' चित्रपटात तो गर्दीत दिसतो.

'हार्ले क्विन' ही अॅनिमेटेड मालिका (२०१९ पासून) मात्र मोठ्यांसाठीच आहे. शिव्या आणि रक्तपात भरपूर, चित्रं कार्टूनसारखी दिसली म्हणून मुलांपुढं लावू नका. तिथं मॅट ओबर्गच्या आवाजातला काइट मॅन भला, बडबड्या, थोडा कंटाळवाणा माणूस आहे आणि पॉयझन आयव्हीशी त्याचं लग्न ठरतं. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी ते मोडतं. तेव्हाचं त्याचं वागणं त्या मालिकेतल्या बहुतेक नायकांपेक्षा मोठ्या मनाचं आहे. जुलै २०२४मध्ये त्याची स्वतःची दहा भागांची मालिका आली, त्यात तो गोल्डन ग्लायडरबरोबर बार चालवतो. तीही मोठ्यांसाठीच.

पडद्यावर मेलेल्या मुलाची गोष्ट घेतली नाही. आरोळी घेतली, तिचं कारण सोडलं. मला हे नुकसान वाटतं. तिथला काइट मॅन आवडतो, पण तो लागत नाही.

जुना_वेताळ

मालिकेचं सोडा, मला किंगच्याच शेवटाबद्दल तक्रार आहे. (पुढं अंक ३२चा शेवट उघड होतोय. वाचायचा असेल त्यांनी इथं थांबा.)

शेवटी रिडलर सांगतो की काइट मॅन त्यानंच घडवला. जोकरचं हसणं हरवलं होतं, ते परत आणायला एक विनोद हवा होता, आणि त्यासाठी एका बापाचं पोर मारून त्याला पतंगवाला केलं. ते ऐकून बॅटमॅन सुरी घेऊन रिडलरवर धावतो, जोकर मध्ये हात घालतो आणि त्याला हसू फुटतं. म्हणजे दोन अंक खर्चून ज्याला माणूस केलं, त्याला शेवटी परत दुसऱ्याच्या खेळातली सोंगटी केलं. ब्राउननं स्वतः निवडलेलं असं काय उरलं?

गोदाकाठ

आजोबा, मला नेमका उलटा अर्थ लागतो. रिडलरनं पोर मारलं, आरोळी घेऊन उडायचं मात्र ब्राउननं ठरवलं. रिडलरच्या हिशोबात ब्राउन रडला असता, वेडा झाला असता किंवा मेला असता तरी चाललं असतं. तो हिरवा पोशाख घालून आला हा विनोद ठरला तो जोकरसाठी. ब्राउनसाठी तो पोराचा शब्द होता. एकच कृती दोघांना वेगळी दिसते.

शिवाय त्या अंकात खऱ्या अर्थानं नैतिक पडझड होते ती बॅटमॅनची. त्या रात्री तो खून करायला निघाला होता, आणि हे तो कॅटवुमनला सांगतो ते लग्नाची मागणी घातल्यानंतर, तिनं होकार देण्याआधी. त्याच्या आयुष्यातला सर्वांत लाजिरवाणा क्षण काइट मॅनमुळं घडला. इतक्या बारक्या पात्राला इतकी मोठी जागा कुणी दिली नव्हती.

जुना_वेताळ

हा युक्तिवाद चांगला आहे. तरी रिडलरचं ते भाषण दोन पानं कमी असतं तर अंक जास्त बळकट झाला असता, यावर मी ठाम आहे. त्यानं स्वतःच सगळं फोडून सांगितल्यामुळं वाचकाला काही शोधायला उरत नाही.

नांदेड_एक्सप्रेस

वाचायचा क्रम सांगता का कुणी? आणि एक कळंना, '५२'मध्ये मेलेला माणूस २०१६ला परत कसा आला?

पान_नंबर_सात

२०११च्या सप्टेंबरमध्ये डीसीनं सगळ्या मालिका अंक १ पासून नव्यानं सुरू केल्या आणि आधीचा बराच इतिहास पुसला. २०१६ला पुन्हा एक नवी सुरुवात झाली, किंगची मालिका तिथली. त्यामुळं '५२'मधलं मरण या ब्राउनला लागू नाही. ते वाचलं नाही तरी अडत नाही.

पुस्तकं घेणार असाल तर किंगच्या मालिकेचे सुरुवातीचे चार खंड बघा. खंड १ 'आय अॅम गॉथम', त्यात अंक ६ आहे. खंड २ 'आय अॅम सुइसाइड', त्यात १४-१५. खंड ४ 'द वॉर ऑफ जोक्स अँड रिडल्स', २५ ते ३२ पूर्ण. लोक खंड ३ गाळतात कारण त्यात काइट मॅनचं काम नाही, पण अंक २४ तिथंच आहे आणि लग्नाची मागणी त्यातच आहे. तो सोडला तर बॅटमॅन ही जुनी गोष्ट कुणाला आणि का सांगतोय, हे ३२ला कळत नाही. पैसे वाचवायचे असतील तर खंड ३ कुणाकडून उसना घ्या, २४ वाचा आणि परत करा.

खंड ४ सरळ क्रमानं वाचा. २७ आणि ३० वेगळे काढून आधी वाचू नका. २६मधली दंगल वाचून झाल्यावर २७ उघडला की एकदम ब्राउनच्या घरात येतो, तो धक्का क्रम मोडला की जातो. १९६०चा अंक १३३ कुठल्या संग्रहात मिळाला तर तो सगळ्यात शेवटी वाचा.

नांदेड_एक्सप्रेस

शेवटी का? काळाच्या क्रमानं आधी नको का?

पान_नंबर_सात

आधी वाचला तर त्यात पतंगांच्या करामतीच दिसतात. २०१७चे अंक वाचून गेलात तर स्प्रँगनं काढलेला तो हसरा, छाती काढून उडणारा चोर बघताना त्याच्या मागं कोण उभा आहे हे तुम्हाला माहीत असतं. फिंगरनं ते लिहिलेलं नाही. तरी दिसतं.